घरातल्या मोडी खरेदीखताची तारीख आणि एका गोविंद महादेवाची ओळख

शोधयात्री

नमस्कार. गेल्या दिवाळीत थोरल्या काकांची जुनी ट्रंक उघडली, तेव्हा तिच्यात तेलकट फडक्यात बांधलेले सात मोडी कागद मिळाले. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एक गोष्ट सांगितली जाते, की आमचे पूर्वज गोविंद महादेव यांना पुण्यातले घर श्रीमंतांनी, म्हणजे पेशव्यांनी, खूश होऊन दिले. मी एका मोडी वर्गात तीन महिने शिकून अडखळत वाचू लागलो आहे. सातांपैकी एक कागद खरेदीखत आहे. त्यात मला एवढे लागले: 'छ २५ रजब सु॥ समान अशर मयातैन व अलफ', पुढे 'पेठ वेताळ', विकणारी 'सगुणा कोम रामजी', घेणारा 'गोविंद महादेव', किंमत चांदवडी रुपयांत, आणि शेवटी चतुःसीमा व गोही, म्हणजे साक्षी.

दुसरा कागद इंग्रजी अमलात इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनपुढे दिलेल्या कैफियतीची, म्हणजे लेखी निवेदनाची, नक्कल आहे. ती १८५३ सालची असून तिला वंशावळ जोडलेली आहे. कैफियत देणारा महादेव गोविंद, वय वर्षे ४५.

माझे प्रश्न तीन आहेत. खरेदीखताची इंग्रजी तारीख नेमकी कोणती? या कागदातले गोविंद महादेव आमचेच कशावरून, कारण आडनाव कुठेच नाही? आणि घर श्रीमंतांनी दिले असेल, तर खरेदीखत कशाला? ता. क. वेताळ पेठ म्हणजे वेताळ टेकडीचा परिसर असावा असा माझा समज आहे.

तिरकस

टेकडीवर घर दिले असेल, तर श्रीमंत आपल्या पूर्वजांवर खूश नव्हते असे समजावे.

बोरूबहाद्दर

तिरकसरावांचा विनोद बाजूला ठेवू. वेताळ पेठ म्हणजे आजची गुरुवार पेठ. पुण्याच्या पेठांची नावे वाचताना ही अडचण नेहमी येते. सोमवार पेठ शहापूर होती, मंगळवार अस्तापूर, रविवार मलकापूर, रास्ता पेठ शिवपुरी, नाना पेठ हनुमंत पेठ. 'मौजे' आणि 'पेठ' यांतला फरक न पाहिल्यामुळे आपले पूर्वज बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरचे आहेत असे ठरवून तिकडे जाऊन आलेले एक गृहस्थ माझ्या परिचयाचे आहेत.

आता तारीख. 'सु॥' म्हणजे सुहूर सन, ज्याला अरबी सनही म्हणतात. आकडे एकंपासून वाचायचे: समान म्हणजे ८, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. एकूण १२१८. सुहूर सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९९ आणि पुढे ६०० मिळवले की इसवी सन येते. म्हणजे हे साल १८१७च्या मृगापासून १८१८च्या मृगापर्यंतचे, शके १७३९ संपून १७४० सुरू होतानाचे. फसली, म्हणजे महसुली सन, मोजली तर १२२७ येईल, कारण दक्षिणेतली फसली सुहूर सनापेक्षा नऊने पुढे असते. आपण 'समान' आणि 'समानीन' यांत घोटाळा केला नाही, याबद्दल आपल्या वर्गाच्या गुरुजींचे अभिनंदन. पुष्कळजण आठाचे ऐंशी करतात आणि पूर्वज पाऊण शतक पुढे ढकलतात.

दप्तरदार

बोरूबहाद्दर यांनी साल बरोबर लावले आहे, परंतु तारीख अजून लागलेली नाही आणि या कागदाची खरी गंमत तिथेच आहे. सुहूर साल सूर्याचे आहे, ते मृग नक्षत्राला बदलते. 'छ' म्हणजे चंद्र, आणि रजब हा चांद्र महिना. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे एकाच सुहूर सालात एखादी चांद्र तारीख दोनदा येऊ शकते: एकदा साल सुरू होताच आणि एकदा संपता संपता.

सुहूर १२१८मध्ये रजबची पंचविसावी अशीच दोनदा आली. पहिली १० जून १८१७च्या सुमारास, ज्येष्ठ वद्यात. दुसरी ३१ मे १८१८च्या सुमारास, वैशाख वद्यात. सुमारास म्हणण्याचे कारण असे, की चंद्रदर्शनाप्रमाणे एखादा दिवस इकडेतिकडे होतो, शिवाय चांद्र दिवस सूर्यास्तापासून मोजतात.

या दोन तारखांच्या मधे काय घडले ते पाहा. ५ नोव्हेंबर १८१७ला खडकीची लढाई झाली, १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले, आणि ३ जून १८१८ला दुसरे बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाले. म्हणजे आपला कागद पहिल्या तारखेचा असेल तर तो पेशवाईतला, आणि दुसरीचा असेल तर कंपनी सरकारातला. अक्षरे तीच, शाई तीच, कारकूनही कदाचित तोच. कागदावर तिथी किंवा वार आहे का, ते पाहून सांगावे.

कृष्णाकाठची

वाचून अंगावर काटा आला. एका तारखेत दोन राज्ये!

शोधयात्री

दप्तरदार साहेब, मनःपूर्वक आभार. भिंग घेऊन पुन्हा पाहिले. 'अलफ'च्या पुढे घडी पडून कागद फाटला आहे, तिथी गेली आहे. मात्र त्याखाली '...वासर' असा शब्द आहे आणि त्याच्या आधीची दोन अक्षरे मला 'रवि'सारखी दिसतात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळे नसल्यामुळे 'वि' की 'वी' हे ठरवता येत नाही, पण अर्थाला फरक पडू नये.

बोरूबहाद्दर

'रविवासर' असेल तर उत्तर मिळाले. खडकीची लढाई बुधवारी झाली, तिथून दिवस मोजत मागेपुढे जा: १० जून १८१७ मंगळवार येतो आणि ३१ मे १८१८ रविवार. एका दिवसाचा फरक धरला तरी १८१७मध्ये सोमवार ते बुधवार एवढेच शक्य आहे, रविवार नाही. तेव्हा पंचविसावा रजब म्हणजे ३१ मे १८१८.

एक विनंती. ती दोन अक्षरे खरोखर 'रवि' आहेत का, की 'भौम' (मंगळवार) किंवा 'मंद' (शनिवार) आहे, हे दुसऱ्या कोणाकडूनही वाचून घ्या. आपल्याला हवे ते अक्षर दिसण्याची खोड मोडी वाचणाऱ्या प्रत्येकाला असते. मलाही आहे.

शोधयात्री

वर्गाच्या गुरुजींना दाखवला, काहीही न सांगता. त्यांनीही 'रविवासर' असेच वाचले. म्हणजे घर श्रीमंतांनी दिलेले नाही, इंग्रजांचे निशाण चढल्यावर साडेसहा महिन्यांनी एका बाईकडून विकत घेतलेले आहे. हे काकांना कसे सांगावे हा आता चौथा प्रश्न.

तिरकस

सांगू नका. फराळ मिळेपर्यंत थांबा.

चार्ल्सकाठ

मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहतो आणि इथल्या गावांच्या सतराव्या शतकातल्या नोंदवह्या हौसेने वाचतो. तिथेही हाच पेच आहे, म्हणून लिहितो. १७५२पर्यंत इंग्रजांच्या वसाहतींत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होत असे, त्यामुळे फेब्रुवारी १६९९ असे लिहिलेले मूल आपल्या मोजणीने १७००मध्ये जन्मलेले असते. सावध कारकून '१६९९/१७००' असे दोन्ही आकडे लिहीत. ही गोष्ट ठाऊक नसली, की मार्चमध्ये लग्न आणि त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मूल असे पाहून वंशजांना उगाच घाम फुटतो. आणखी एक. तिथे एकाच नावापुढे 'सीनियर' आणि 'ज्युनियर' दिसले तर ते बापलेक असतीलच असे नाही. गावात एका नावाची दोन माणसे असली, की थोरल्याला एक आणि धाकट्याला दुसरे लावून मोकळे होत. गोविंद महादेवांच्या बाबतीत हा धोका नाही का?

दप्तरदार

आहे, आणि आपल्याकडे तो दुप्पट आहे. त्या काळच्या कागदांत आडनाव लिहिलेच पाहिजे असा दंडक नव्हता. 'गोविंद महादेव' म्हणजे महादेवाचा मुलगा गोविंद, एवढेच. ब्राह्मणेतर कुळांत बहुधा 'बिन' घालून बापाचे नाव सांगितलेले आढळते, बाईच्या बाबतीत 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. त्यात आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची चाल, म्हणून गोविंद महादेव, त्याचा महादेव गोविंद, त्याचा पुन्हा गोविंद महादेव. दोन कागदांत साठ वर्षांचे अंतर असले आणि नाव एकच असले, तर तो एक दीर्घायुषी माणूस नसून आजा आणि नातू असण्याचा संभव अधिक.

हुद्दा आणि आडनाव यांचीही गल्लत होते. 'कुलकर्णी', 'जोशी', 'फडणीस' ही त्या कागदात कामे असू शकतात. कोतवाल हा शब्दच घ्या: पेशवाईत पुण्याचा कोतवाल म्हणजे शहराचा बंदोबस्त पाहणारा मोठा अंमलदार, आणि पुढे महसुली दप्तरात गावचा कोतवाल म्हणजे चावडीवरचा नोकर. आमचे पूर्वज कोतवाल होते असे म्हणणाऱ्याने कोणत्या शतकात, ते आधी पाहावे.

शोधयात्री यांच्या बाबतीत मात्र एक दुवा आहे. १८५३मध्ये कैफियत देणारे महादेव गोविंद ४५ वर्षांचे होते, म्हणजे त्यांचा जन्म १८०८च्या आसपासचा. त्यांचे वडील गोविंद १८१८मध्ये घर घेण्याच्या वयाचे असणारच. काळ जुळतो. माणूस जुळतो की नाही, हे काळ जुळल्याने ठरत नाही.

कृष्णाकाठची

बायकांच्या नावांबद्दल थोडे लिहिते. आमच्या घरच्या पत्रांत एका आजीचे नाव एका पत्रात 'सौ॥' आणि पुढच्यात 'गं॥ भा॥' असे येते. गंगाभागीरथी म्हणजे विधवा. दोन पत्रांच्या तारखा लावल्या आणि आजोबा कोणत्या पावसाळ्यात गेले ते कळले, कारण त्यांच्या मृत्यूची नोंद दुसरीकडे कुठेच नव्हती. 'मातोश्री' या शब्दाने मात्र फसवले. ज्यांना मी खापरपणजी समजत होते, त्या सावत्र आई निघाल्या. मान देऊन लिहिण्याची रीत होती.

सगुणाबाईंबद्दल मला कुतूहल आहे. त्या एकट्या घर विकत आहेत. 'कोम' एवढ्यावरून रामजी हयात होते की नव्हते हे कळत नाही. कागदात 'मयत' असा शब्द आहे का?

शोधयात्री

आहे! 'रामजी मयत जाहला, पोरे लहान, कर्ज फार' असा आशय पाचव्या ओळीत आहे. आतापर्यंत मी फक्त आमच्या पूर्वजांची ओळ वाचत होतो. आज पहिल्यांदा बाईंची ओळ नीट वाचली.

मांडवीकाठ

गोव्याकडची बाजू सांगतो. आमच्याकडे वसाहतीचे कागद तीनशे वर्षे आधी सुरू होतात. १५२६चा फोराल, म्हणजे पोर्तुगीज सनद, गावकारांच्या हक्कांविषयी आहे आणि १५९५मध्ये गोव्यात दप्तरखानाच स्थापन झाला. तरीही आडनावावरून वंश शोधणे आमच्याकडे अवघड, कारण बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीचे किंवा धर्मपित्याचे आडनाव मिळत असे. एका गावातली दोन फर्नांडिस कुटुंबे एकमेकांची कोणीही नसतात. उलट गावकारीच्या कागदांत 'वांगड' (गावकारांची कुळशाखा) पाहिले तर कूळ सापडते, कारण गावकारांचे वांगड धर्म बदलल्यावरही तसेच राहिले. नाव बदलले तरी जमिनीतला वाटा बदलला नाही. तुमच्याकडे वांगडाच्या जागी काय पाहतात?

बोरूबहाद्दर

वतनदार असतील तर तक्षीम, म्हणजे वतनातला वाटा. पाटीलकीत कोणाची अर्धी तक्षीम, कोणाची चौथाई, हे पिढ्यान्‌पिढ्या उतरते आणि भाऊबंदकी पेटली की महजरात (पंचांच्या निवाडपत्रात) सगळी वंशावळ ओकली जाते. भांडखोर कुळांचा इतिहास लिहिणे सोपे, गुण्यागोविंदाने राहणाऱ्यांचा काही मिळत नाही.

शहरातल्या घरासाठी मात्र चतुःसीमा. पूर्वेस अमक्याचे घर, पश्चिमेस गल्ली, दक्षिणेस तमक्याची भिंत. शेजाऱ्यांची नावे कागदात असतात आणि शेजाऱ्यांच्या खरेदीखतात आपले नाव असते.

पाटीलबुवा

इनाम कमिशनच्या वंशावळीबद्दल कोणी बोलत नाही म्हणून लिहितो. माझ्या मते १८५२च्या अकराव्या कायद्याखालच्या चौकशीत दिलेली वंशावळ हा सर्वांत भक्कम पुरावा आहे. खोटे लिहिले तर भाऊबंद लगेच उठून हरकत घेत, गावच्या कुलकर्ण्याला विचारले जाई, जुन्या दप्तराशी ताडून पाहिले जाई. पुण्याचे पेशवे दप्तर एकत्र राखले गेले त्यालाही हीच चौकशी मुख्यतः कारण झाली. दोन कागदांत विरोध असेल तर मी वंशावळ खरी धरीन.

दप्तरदार

पाटीलबुवांशी अर्धा सहमत आहे. भाऊबंदांच्या डोळ्यांदेखत दिलेली वंशावळ सहसा नावे खोटी सांगत नाही, हे खरे. परंतु ती काय गाळते ते पाहावे. मुली गाळल्या जातात. निपुत्रिक गेलेला भाऊ पुष्कळदा गाळला जातो. दत्तक घेतलेला मुलगा औरस असल्यासारखा मांडण्यात दावेदाराचा फायदा होता, कारण इनाम पुढे चालणार की खालसा होणार हे वारसावर अवलंबून होते. म्हणजे ती घरातली आठवण म्हणून लिहिलेली वही नव्हे, सरकारपुढे केलेला युक्तिवाद आहे.

राज्य पालटण्यापूर्वीपासूनचा भोगवटा दाखवणेही दावेदाराच्या हिताचे होते. शोधयात्री, आपल्या १८५३च्या कैफियतीत घराचा उल्लेख आहे का आणि असल्यास कोणत्या शब्दांत, हे जरा पाहाल का?

पाटीलबुवा

दत्तकाचा मुद्दा मान्य. आमच्याच घरात एक 'चिरंजीव' पुढे पुतण्या निघाला होता, ते लिहायचे राहिले.

शोधयात्री

दप्तरदार साहेब, आपण दूर बसून कागद वाचता की काय! कैफियत मुख्यतः गावाकडच्या इनाम जमिनीबद्दल आहे, पण मधे एक वाक्य आहे: 'श्रीमंतांचे अमदानीपासोन सन समान अशरपासोन पुणे येथील घर व जमीन भोगवटियास आहे.' साल तेच, समान अशर. वाक्य खोटे म्हणता येत नाही, कारण ते साल सुरू झाले तेव्हा श्रीमंतांचीच अमदानी होती. फक्त रजब कोणता हे सांगितलेले नाही.

तिरकस

आपले पूर्वज वकील होते यात शंका उरली नाही.

पणतीची_वात

मी नवी सदस्य. २०२३पासून कुणबी नोंदींसाठी मोडी जाणणाऱ्यांना मागणी आली, तेव्हा आमच्या तालुक्यात मीही शिकले. मुळाक्षरे येतात, पेशवेकाळातले वळण सावकाश का होईना वाचते, पण इंग्रजी अमलातली मोडी पाहिली की हात टेकते. तिथे अक्षर अधिक बारीक आणि घाईचे का दिसते?

बोरूबहाद्दर

बोरू जाऊन टाक आला, हे एक कारण. बोरूने ठळक-बारीक असा फरक पडतो आणि अक्षराचा गाठीचा भाग उठून दिसतो. टाकाने सगळे एकसारखे तारेसारखे होते. दुसरे, काम वाढले. मोजणी, शेतवार पत्रके, प्रतिबुके, जन्ममृत्यूची गावनमुना चौदा, इतके कागद कारकुनाला भरावे लागले. आधी छापील रकाने वाचावेत, म्हणजे त्यात काय लिहिलेले असणार याचा अंदाज येतो. आणि '॥' ही खूण पाहून थबकू नये: शब्दापुढे ती संक्षेपाची खूण असते, आकड्यापुढे असेल तर अर्धा. 'पै॥' म्हणजे पैकी, '१॥' म्हणजे दीड. दीड रुपयाच्या जागी कोणी 'एक वगैरे' असे वाचलेले मी पाहिले आहे.

इंग्रजी नोंदींत उलटा त्रास आहे. साहेब 'अ'साठी 'यू' लिही, त्यामुळे 'पंत'चा 'पुंट' होतो. सूचीत शोधताना त्याच्या कानाने नाव ऐकावे लागते.

कृष्णाकाठची

तीर्थोपाध्यायांच्या वह्या कोणी सुचवल्या नाहीत. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया. तिथे आपले पूर्वज स्वतःच्या हाताने नाव, गाव, भावाचे, मुलांचे नाव लिहून जात. सरकारला दाखवायचे काही नसल्याने तिथे निपुत्रिक काकाही सापडतो. आडनाव आणि मूळ गाव सांगितले की उपाध्ये वही काढतात.

दप्तरदार

उत्तम सूचना. शोधयात्री, दप्तरखान्यात जाल तेव्हा 'गोविंद महादेव' असे नाव मागू नका. रुमाल (कागदांची गाठोडी) माणसांच्या नावाने लावलेले नाहीत. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास अशा दप्तरांनी आणि सालांनी लावलेले आहेत. साल आणि पेठ हाताशी ठेवून जा.

शोधयात्री

महिनाभराने लिहितो आहे. काकांना सांगितले. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, 'बाईची पोरे लहान होती म्हणतोस, तर भाव पाडून घेतले नाही ना रे?' किंमत योग्य होती की नव्हती, हे मला सांगता आले नाही.

ओळखीच्या बाबतीत मात्र काहीतरी हाती आले. नाशिकच्या उपाध्यांच्या वहीत आमच्या आडनावाखाली गोविंद महादेव यांचा लेख सापडला, दस्तुरखुद्द, शके १७४३चा. त्यात 'हल्ली वस्ती पुणे पेठ वेताळ' असे आहे, मुलगा महादेव आहे, आणि वंशावळीत नसलेला धाकटा भाऊ नारायणही आहे. खरेदीखतावरच्या गोहींपैकी तिसरे नाव 'नारायण महादेव' असे आहे. ते मी इतके दिवस परके समजून सोडून देत होतो.

पाटीलबुवा, वंशावळीतून नारायण गळला तो निपुत्रिक म्हणून, की वाटणी मागेल म्हणून?

पाटीलबुवा

चतुःसीमा पुन्हा वाचा. उत्तरेला कोणाचे घर लिहिले आहे?

शोधयात्री

उत्तरेच्या ओळीवर तेलाचा डाग आहे. 'ना' एवढेच लागते. उद्या उजेडात पाहून लिहितो.